तीन पाळ्यांचं जेवण

आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार म्हटल्यावर सगळ्यांना आनंद झाला आणि थोरली कामांची यादी करायला बसली. आनंद तिलाही झाला असता हो, पण त्यासाठी आधी कुठेतरी पाठ टेकायला हवी, जरा डोळे मिटायला हवेत. तेवढी सवड तिला गेल्या दोन वर्षांत मिळाली नव्हती.

थोरली बस डेपोत गाड्या सोडायचं काम करायची. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लावायची, कुठली कधी बाहेर काढायची, एखादा चालक आलाच नाही तर त्याच्या जागी कुणाला बसवायचं, हे सगळं तिच्या डोक्यात. कामावर जाण्याआधी ती आईबाबांकडे जायची, औषधं द्यायची, नाश्ता करून झाकून ठेवायची. संध्याकाळी सुटली की पुन्हा तिथेच. मग दोन गल्ल्या सोडून स्वतःच्या खोलीवर. लग्न तिनं केलं नव्हतं, त्यामुळे तिच्याकडे वेळच वेळ आहे असा घरादाराचा पक्का समज. नवरा नाही, पोरं नाहीत, मग ही बाई दिवसभर करते काय? तर हे करते.

तिच्या पाठची बहीण, म्हणजे मधली, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. तिला दोन पोरं. सहा वर्षांची चिमणी आणि चार वर्षांचा भोपळा. धाकटा भाऊ दुसऱ्या गावी, गाडीनं तीन तास. त्याचं बाळ नुकतंच धरून धरून चालायला लागलेलं. माणसं वाईट नव्हती कुणी. उलट चांगुलपणाच जरा जास्त झाला होता. या घराण्यात पिढ्यान् पिढ्या एकच रोग: आमचा कुणाला त्रास नको. इथे एकाला खोकला आला तर तो उठून दुसऱ्या खोलीत जाऊन खोकायचा. आणि दुसऱ्या खोलीतला माणूस, याला संकोच वाटायला नको म्हणून, झोपेचं सोंग घ्यायचा.

थोरलीही याच घरातली. म्हणून मागच्या महिन्यात डेपोत काय झालं ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. गाडी सोडायची शिट्टी तोंडात धरून ती फलाटाच्या कडेला उभी होती आणि उभ्या उभ्या तिचा डोळा लागला. कसा लागला, किती वेळ लागला, देव जाणे. दचकून जागी झाली आणि काही न बघता शिट्टी मारून बसली. चालकानं गाडी मागे घेतली. गाडीच्या मागे झाडूवाली वाकून कचरा भरत होती. कंडक्टर केवढ्यांदा ओरडला म्हणून निभावलं. झाडूवालीची बादली चेपली, बाई वाचली. वर तीच थोरलीला म्हणाली, "जाऊ द्या मॅडम, होतं असं." थोरली बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिली होती.

त्या दिवसापासून तिनं ठरवलं होतं, आता बोलायचं. दोघांना समोर बसवायचं आणि सांगायचं, मला एकटीला होत नाही. तुम्ही वाटून घ्या. पण हे फोनवर कसं सांगणार? फोन केला की मधलीचा भोपळा मागून किंचाळत असायचा आणि धाकटा कुठेतरी रांगेत उभा. शिवाय आईबाबांच्या कानावर एक शब्द जायला नको. त्यांना कळलं की आपण पोरीला जड झालोय, तर ती दोघं दुसऱ्या दिवशी गुपचूप सामान बांधून कुठल्या तरी आश्रमात जाऊन बसतील, आणि तिथल्या लोकांनाही म्हणतील, आमचा त्रास होत नाही ना?

आणि तेवढ्यात ही पन्नास वर्षं आली. सगळे आईबाबांच्या घरी, एका छपराखाली येणार होते. हीच संधी, थोरलीनं मनाशी म्हटलं, आणि तिचं डेपोतलं डोकं चालू झालं. दोन गाड्या एका फलाटाला लावायच्या नसतात. जेवण तीन पाळ्यांत करायचं. सहाला पोरं. सातला म्हातारी माणसं. पोरं जेवली की पेंगतात, त्यांना आतल्या पलंगावर आडवं करायचं. आईबाबांचं जेवण झालं की त्यांचेही डोळे मिटायला लागतात. मग आठला टेबलाशी फक्त तिघं भावंडं आणि भावजय. दार ओढून घ्यायचं आणि बोलून टाकायचं.

बेत तिनं असा आखला की कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये. बाबांना मीठ कमी. आईला तिखट चालत नाही. आत्या, म्हणजे बाबांची मोठी बहीण, चौऱ्याऐंशीची, तिची नवी कवळी अजून बसायची होती, तेव्हा तिला सगळं मऊ. चिमणीला कांदा दिसला तर ती ताटच सरकवते. भोपळ्याचं त्याहून अवघड, तो पांढरं सोडून काहीच खात नाही. भात चालतो, बटाटा चालतो, सोललेलं सफरचंद चालतं, पण त्यावर गाजराचा एक तुकडा पडला की संपलं. बाळाला कुस्करून. म्हणजे एक पातळ सूप, गुठळी न राहू देता. एक बटाट्याची मऊ भाजी, बिनतिखट. भात दोन तऱ्हेचा, एक मोकळा, एक गिचका. कोंबडी मोठ्यांसाठी. कस्टर्ड सगळ्यांना. केक, साखर बेताची.

जेवणाचं झालं, घराचं राहिलं. आत्या अडखळू नये म्हणून तिनं पुढच्या खोलीतली सतरंजी गुंडाळून पलंगाखाली सारली. बाळाचं कपाळ बरोबर टेबलाच्या कोपऱ्याएवढ्या उंचीवर येतं, म्हणून चारही कोपऱ्यांना जुने मोजे चढवून दोऱ्यानं बांधले. पोरांच्या खुर्च्यांवर उशा ठेवल्या आणि आत्याच्या खुर्चीवरची उशी काढली, कारण खोल बसली की तिला उठता येत नाही. आई हे सगळं दारात उभी राहून बघत होती.

"अगं, कशाला एवढं? आम्ही काय पाहुणे आहोत?" आई म्हणाली.

"तू आत जा बघू. पड जरा," थोरली म्हणाली. तिच्या पाठीत कळ येत होती आणि आईनं ती बघू नये असं तिला वाटत होतं.

सहाच्या आधीच मधली आली. नवरा कामानिमित्त बाहेरगावी, म्हणून दोन्ही पोरांना घेऊन एकटीच. थोरलीनं ताटं वाढायला घेतली. पांढरं ताट, बिनकांद्याचं ताट.

"अगं ताई, थांब थांब," मधली म्हणाली. "ही दोघं जेवून आलीत. घरीच भरवलं मी. म्हटलं तुझ्यामागे आधीच केवढं काम, त्यात यांची नाटकं कुठे! आणि दुपारी चांगली दोन तास झोपवलीत हं. रात्री किरकिर नको तुला."

थोरलीच्या हातातला डाव तसाच राहिला. दोन तास झोपलेली पोरं म्हणजे काय ते समोर दिसतच होतं. चिमणी सोफ्यावरून उडी मारत होती आणि भोपळा टेबलाच्या कोपऱ्याचा मोजा ओढून काढत होता.

"छान केलंस," थोरली म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

मग आत्याला घेऊन रिक्षा आली. आत्या काठी टेकत वर आली, दम खात खुर्चीत बसली आणि तिनं पहिलं वाक्य काय उच्चारावं? "मला काही वाढू नकोस हं बाळा. मी सूप पिऊन आलेय. म्हातारीसाठी वेगळं मऊ कुठे करत बसणार तू?"

"अगं आत्या, केलंय मी."

"मग राहू दे उद्याला."

थोरलीनं बाबांकडे बघितलं. बाबा नवा शर्ट घालून ताठ बसले होते, डोळे टक्क उघडे. एरवी या वेळेला त्यांची मान खाली आलेली असते.

"आम्ही दोघं मघाशीच थोडं खाऊन घेतलं," बाबा जरा ओशाळून म्हणाले. "तू बाजारात गेली होतीस ना, तेव्हा. म्हटलं, तुझी तारांबळ नको. आणि दुपारी मस्त झोप काढली साहेब! आज मी जागणार. पोरांशी खेळणार." डेपोत हुकूम सोडते म्हणून बाबा तिला साहेब म्हणायचे.

साडेसातला धाकटा आला. बायकोच्या कडेवर बाळ, बाळाच्या हातात बिस्किट आणि धाकट्याच्या हातात दोन मोठ्या पिशव्या. "ताई, तू काही करू नकोस, मी हॉटेलमधून सगळं बांधून आणलंय," त्यानं दारातूनच जाहीर केलं. मग स्वयंपाकघरात डोकावला आणि त्याचा आवाज बसला. "अरे. तू केलंस?"

"तू जेवलास का रे?" थोरलीनं विचारलं. उत्तर तिला ठाऊक होतं.

"वाटेत थोडं... म्हणजे, म्हटलं, रात्री परत निघायचंय, तुला ताटकळत ठेवायला नको."

"रात्री परत?"

"सकाळी ड्युटी आहे ना."

झालं. दहा माणसांच्या घरात स्वयंपाक वीस जणांचा, आणि भूक कुणालाच नाही. सगळे मात्र थोरलीला वाईट वाटू नये म्हणून टेबलाभोवती बसले. कुणी घासभर भात घेतला, कुणी चमचाभर सूप. आत्यानं कस्टर्डला बोट लावून "झकास" म्हटलं. भावजयीनं कोंबडीचा एक तुकडा एवढा वेळ चघळला की थोरलीला तिचीच दया आली. भोपळ्यानं पांढऱ्या ताटाकडे बघितलं आणि नेमकं आजच म्हणाला, "मला गाजर पाहिजे." सगळे हसले. थोरलीही हसली, पण तिला त्या क्षणी गाजराची अख्खी पिशवी खिडकीतून भिरकावून द्यावीशी वाटली.

आणि गंमत म्हणजे संध्याकाळ रंगली. बाबांनी पोरांसाठी घोडा व्हायचं नाटक केलं, खुर्चीत बसूनच. आत्यानं कवळी काढून दाखवली आणि चिमणी आनंदानं किंचाळली. केक कापला, आईनं बाबांना भरवला, बाबांनी अर्धा शर्टावर सांडला. पेंगायचं नाव कुणी घेईना. आठ वाजून गेले, साडेआठ झाले. थोरली स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. एवढ्या गर्दीत आपलं बोलणं कुठल्या फलाटाला लावायचं, तिला सुचेना. एकदा तिनं धाकट्याला खुणेनं आत बोलावलं, तर त्याच्यामागून बाबा, बाबांमागून भोपळा. एकदा मधलीला म्हणाली, जरा गच्चीवर चल. तर आईच म्हणाली, "थंडी आहे, इथेच बसा ना सगळे. असे कधी बसतो आपण?"

मग धाकट्यानं घड्याळ बघितलं आणि बाळाच्या पायात मोजे घालायला लागला. संपलं सगळं, थोरलीला वाटलं. आता हा जाणार. मग पुढचा समारंभ केव्हा? आणि तोवर फलाटावर कोण वाकलेलं असेल? तिला तिथल्या तिथे खाली बसावंसं वाटलं. इतकी दमली होती ती की दाराची चौकट सोडली तर पडू, असं तिला खरोखर वाटत होतं.

"जाताना सावकाश जा रे," आत्या धाकट्याला म्हणाली. "आणि यांची काळजी नको. थोरली आहे."

"तेच तर," धाकटा मनापासून म्हणाला. "ताई आहे म्हणून मी तिकडे निवांत झोपतो."

"मी झोपत नाही," थोरली म्हणाली.

आवाज काही चढला नव्हता तिचा. पण या घरात असं कुणी बोलत नसे, म्हणून सगळ्यांच्या माना वळल्या. बाळाचा एक मोजा धाकट्याच्या हातातच राहिला.

"मी झोपत नाही," ती पुन्हा म्हणाली, आणि मग थांबवणं तिच्या हातात राहिलं नाही. "सकाळी इथे, मग डेपो, मग इथे. रात्री फोन उशाशी, कारण आई पडली तर? बाबांना धाप लागली तर? मागच्या महिन्यात मी कामावर उभ्या उभ्या झोपले. चुकीची शिट्टी मारली. गाडीखाली बाई गेली असती. झाडू मारणारी बाई, माझ्याएवढीच. मला होत नाही आता. एकटीला होत नाही. हे मला तुमच्या दोघांशी बोलायचं होतं, यांच्यासमोर नाही. त्यासाठीच केला हा सगळा खटाटोप. पोरं झोपतील, ही झोपतील, मग सांगेन म्हणून. तर तुम्ही मेले सगळे जेवून झोपून आलात!"

चिमणी फिस्सकन हसली आणि कुणीच हसत नाही बघून गप्प झाली.

"ताई, अगं तू बोलली का नाहीस कधी?" मधलीचे डोळे भरले होते.

"तू विचारलंस का कधी?"

मधलीनं मान खाली घातली. थोरलीला आईबाबांकडे बघायचा धीर होईना. पन्नास वर्षांच्या दिवशी हे ऐकवलं आपण त्यांना. जीभ झडली का नाही आपली, असं तिला झालं.

"मीपण दमलेय," आई म्हणाली.

"आई, तुझ्यामुळे नाही गं, मला तसं म्हणायचं नव्हतं..."

"बोलू दे ना मला. तू बोललीस ना?" आईनं पदर सारखा केला आणि मग तोही सोडून दिला. "तू सकाळी येतेस म्हणून मी तुझ्याआधी तासभर उठते. उठवत नाही, तरी उठते. तोंड धुते, केस विंचरते, खुर्चीत जाऊन बसते. तू म्हणतेस, वा, आज बरी दिसतेस. तू गेलीस की परत आडवी. संध्याकाळी पुन्हा तेच. तुझ्यासमोर दोन घास जास्त खाते, तुला बरं वाटावं म्हणून, आणि रात्रभर पोट धरून बसते. आजही तेच. सकाळपासून बरी आहे, बरी आहे. मला नाही आता बरं दिसता येत."

"आणि मी," बाबा हळूच म्हणाले, "पेपर वाचत नाही. नुसता धरतो. डाव्या डोळ्यानं दिसायचं बंद झालंय, चार महिने झाले असतील. तुला सांगितलं असतं तर तू रजा काढून धावली असतीस."

थोरली खुर्ची ओढून बसली. रोज दोनदा ती या घरात येत होती. गोळ्या मोजत होती, ताटं मोजत होती. आणि या माणसाला एका डोळ्यानं दिसत नाही हे तिला माहीत नव्हतं. तिला राग आला, लाज वाटली, आणि दोन्हींच्या खाली कुठेतरी सणसणीत दुखलं.

"मला वाटत होतं मी तुम्हाला सांभाळतेय," ती म्हणाली.

"मग आम्ही काय करत होतो?" आई म्हणाली.

एवढं बोलून आई उठली, सोफ्यापाशी गेली, आणि नव्या साडीची घडी मोडेल याची पर्वा न करता सगळ्यांसमोर सरळ आडवी झाली. पाहुणे असताना आईला झोपलेलं कुणी आयुष्यात बघितलं नव्हतं. आत्या बघत राहिली आणि म्हणाली, "अगं, जरा सरक," आणि पाय वर घेऊन तीही कडेला टेकली. पोरांना वाटलं हा खेळ आहे. ती जमिनीवर लोळली.

मग बाकीचं बोलणं तिथेच, म्हाताऱ्यांच्या डोक्यावरून झालं. बाळाचा मोजा धाकट्यानं पुन्हा काढला आणि आपल्या साहेबाला फोन लावून उद्याची रजा मागितली. बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे तो नेणार. मधली म्हणाली, शनिवार आणि बुधवार माझे, आणि मी नाही आले तर मला शिव्या घाल, गप्प बसू नकोस. महिन्यातले दोन रविवार धाकट्यानं घेतले. कुणी कुणाला "तुला जमेल ना?" असं विचारलं नाही. जमलं नाही तर सांगायचं, असं ठरलं. या घरात ते कितपत टिकेल याची थोरलीला खात्री नव्हती.

"आणि आठवड्यातला एक दिवस कुणीच येऊ नका," आई डोळे मिटूनच म्हणाली.

"कुणीच?"

"कुणीच. आम्ही दोघं बघू. नाहीच जमलं तर हाक मारू. तुझ्यापुरती सुरुवात उद्यापासूनच. धाकटा यांना डॉक्टरकडे नेईल. तू उद्या येऊ नकोस."

"बरं," थोरली म्हणाली.

हेच हवं होतं तिला. महिनाभर याचसाठी ती झुरत होती. भांडी घासायला उठली तर मधलीनं तिला हाताला धरून दाराकडे लोटलं, जा, झोप जा. थोरलीनं पर्स घेतली, बाहेर येऊन दार नुसतं लोटून घेतलं आणि चपलेत पाय घातला. जिन्यात दिवा नव्हता. उद्या सकाळी आपली इथे कुणी वाट बघणार नाही, आई केस विंचरून बसणार नाही, हे तिच्या मनात आलं. तिनं दुसरी चप्पल शोधायला हात पुढे केला आणि तिला एकदम रडू फुटलं. तोंडावर हात दाबला तरी आवाज जायचा तो गेलाच.

"कोण आहे? काय झालं गं?" आतून आईचा आवाज आला.

काही नाही, असं थोरलीच्या अगदी जिभेवर आलं होतं.

"रडतेय," ती म्हणाली.

आत सोफ्याची स्प्रिंग वाजली.

"मग आत येऊन रड ना," आई म्हणाली. "दार उघडंच आहे."